गुडघ्यांचे दोन खळगे

जरा खाली बघा. नाही हो, ते कार्पेट. त्याच्याकडे सगळेच बघतात. त्याच्याही खाली. हां, तोच मी. कार्पेटखाली अंथरलेला फोम. या घरात मी बारा वर्षं काढली. पाहुणे आत आले की म्हणायचे, "वा, काय मऊ कार्पेट आहे तुमचं!" मऊ मी, आणि नाव कार्पेटचं. पण तक्रार कोणाकडे करणार? ज्याला कुणी पाहिलंच नाही त्याचं कोण ऐकतं!

माझा जन्म कारखान्यातला. जुन्या गाद्या, उशा, सोफे, गाड्यांच्या सीटा यांतला फोम तिथे बारीक करतात, त्यात चिकटवायचं काहीतरी मिसळून दाबतात आणि त्या ठोकळ्याचे जाड थर कापतात. त्यामुळे मी एका रंगाचा नाही. माझ्यातला पिवळा ठिपका कुणाच्या तरी उशीचा, निळा सोफ्याचा, आणि राखाडी तुकडे एका बसमधल्या ड्रायव्हरच्या सीटचे. मला अंथरणारा कारागीर म्हणाला होता, "काय खिचडी आहे ही!" म्हणू दे. खिचडीनं कुणाचं पोट बिघडत नाही.

वर कार्पेट आलं आणि उजेड गेला. तेव्हापासून माणसं मला पायांवरूनच ठाऊक. घरातला मुलगा टाचा आपटत चालायचा. सूनबाईंची पावलं हलकी, चवड्यांवर पडणारी. रोज सकाळी त्या भराभर दाराकडे जायच्या, हमखास एकदा परत यायच्या, काहीतरी विसरलेलं घ्यायच्या आणि पुन्हा जायच्या. नळाला येणारं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत त्या कामाला. आज कुठल्या टाकीच्या पाण्यात काय सापडलं ते त्या जेवताना रंगवून सांगायच्या. मुलगा म्हणायचा, "अगं, निदान घोट तरी गिळू दे!" आणि आजोबा म्हणायचे, "तू सांग गं, मी ऐकतोय." पुढे नात झाली. तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिचे पाय दोनच आहेत, हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

आणि आजोबा. जन्मभर बस चालवलेले. त्यांचं पाऊल जड, सावकाश आणि दोन्ही बाजूंना सारखं. माझ्यातल्या राखाडी तुकड्यांना ते वजन ओळखीचं वाटायचं. त्यांच्याच बसची सीट होती असं मी म्हणत नाही. उगाच नातं कशाला जोडा! पण बरं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी आजोबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हॉस्पिटलातून आले तेव्हा एक पाऊल पडायचं आणि दुसरं माझ्यावरून फरफटत यायचं. पुढच्याच महिन्यात, घरात कुणी नसताना, ते दुपारी बाराला पडले. मी जमेल तेवढं झेललं. हाड मोडलं नाही, पण त्यांना उठता येईना. फोन टेबलावर, आजोबा जमिनीवर. सूनबाई साडेपाचला आल्या तोवर ते तसेच पडून होते. त्यांनी हाक मारली नाही, रडले नाहीत. अधूनमधून उजव्या हातानं मला थोपटत राहिले.

सूनबाईंनी मात्र रडून घेतलं. मग नाक ओढून म्हणाल्या, "मी नोकरी सोडते."

"माझ्यासाठी?" आजोबांनी विचारलं. "मग त्यापेक्षा मी पडलो तिथेच राहिलो असतो तर बरं झालं असतं."

"असं बोलू नका, बाबा."

"मग तूही बोलू नकोस. थोडे दिवस जाऊ दे."

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्या स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही पुन्हा पडणार नाही असं काही मी सांगत नाही. पडल्यावर उठायचं कसं, ते शिका." त्यांनी दोनदा करून दाखवलं आणि आठवड्याभरात त्यांचं येणं संपलं.

दुसऱ्या दिवसापासून आजोबांनी जे आरंभलं, ते घरात फक्त मला ठाऊक होतं. दुपारी सगळे बाहेर गेले की ते सोफ्यामागच्या कोपऱ्यात, खिडकीजवळ यायचे. एक जड खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायचे. आणि मुद्दाम खाली बसायचे. बसायचे कसले, कोसळायचेच. मग कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, दोन्ही गुडघे रोवायचे, खुर्ची धरायची, उजवा पाय पुढे टाकायचा आणि उठायचं. ऐकायला पाच गोष्टी. पहिले बारा दिवस त्यांना तिसरीच जमेना. गुडघ्यांवर यायचे आणि डावीकडे कलंडायचे. "चल रे, दुसरा गिअर टाक," असं स्वतःलाच दटावायचे. खुर्ची धरून उठता नाही आलं तर सरपटत सोफ्याशी जायचे, त्याच्या आधारानं अर्ध्या तासानं कसेबसे उठायचे, आणि संध्याकाळी सूनबाई भिंगरीला घेऊन आल्या की पेपर वाचत बसलेले सापडायचे. "आजोबा, पेपर उलटा धरलाय!" असं भिंगरी कधीकधी ओरडायची.

तेराव्या दिवशी ते उठले. खरं सांगतो, मला टाळी वाजवावीशी वाटली. हात नाहीत, काय करणार!

उठता आल्यावर तरी थांबतील? छे. रोज पाच वेळा, तीन वर्षं. तापात सुट्टी, एरवी नाही. रोज त्याच जागी, रोज तेच दोन गुडघे. मी दबत गेलो. तिथे दोन खळगे पडले आणि ते भरून येईनात. बारा वर्षांत लाखो पावलं माझ्यावरून गेली, पण ते खळगे मी मानानं मिरवले. अंधारात का होईना, मिरवले.

घरात हे त्यांनी का सांगितलं नाही? कारण एकदा ते काठीशिवाय दोन पायऱ्या उतरले होते, तेव्हा मुलगा घाबरून ओरडला होता, "बाबा, तुम्ही नुसते बसून राहा बरं! तेवढीच मदत करा." तेव्हापासून म्हाताऱ्याची जीभ टाळ्याला चिकटली. रोज मुद्दाम पडतो असं सांगितलं असतं, तर खुर्चीला बांधूनच ठेवलं असतं त्यांना.

मग भिंगरीचा खोकला सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, घरातलं कार्पेट काढा, धूळ तिला सोसत नाही. आता धूळ माझ्यात नव्हती असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? वरून झिरपली ती सगळी मीच पोटात घातली होती. त्या पोरीची धाप मी रोज ऐकत होतो. तिच्या छातीत शीळ वाजली की मला अपराधी वाटायचं. मी जायला हवं होतं आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

घोडं अडलं ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. सूनबाई म्हणाल्या, "नवीन जमीन लाकडी फळ्यांची, कडक असणार. त्यावर बाबा पडले तर? आता माझं ठरलं. सोमवारी राजीनामा देते. पत्र लिहून पर्समध्ये ठेवलंय."

आजोबांनी काठी दोनदा माझ्यावर टेकवली. मग म्हणाले, "भिंगरीचा श्वास आधी. कार्पेट काढा." "आणि नोकरी..." एवढं म्हणून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. मी खालून तळमळत होतो. सांगा हो, आजोबा! एकदा सांगून टाका!

शनिवारी मिस्त्री आला. पोट सुटलेला, गुडघ्यांना पॅड बांधलेला, कामाशी बोलत काम करणारा माणूस. त्यानं कार्पेटचा कोपरा पक्कडीनं उचलला, ते उलटवून वाकड्या पात्याच्या सुरीनं पाठीकडून पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीची गुंडाळी करून सुतळीनं बांधली. "उचलेल तेवढंच बांधावं," तो कार्पेटला समजावत होता. कडेच्या खिळ्यांच्या पट्ट्या त्यानं पहारीनं उचकटल्या आणि उलटे पडलेले खिळे आधी डब्यात टाकले, कुणाच्या पायात जायला नकोत म्हणून. बारा वर्षं माझ्या डोक्यावर बसलेला तो दिमाखदार गालिचा सुतळीनं बांधून दाराबाहेर गेला. खोटं कशाला बोलू, मला थोडी मजा वाटली.

आणि माझ्यावर उजेड पडला. मी पहिल्यांदा तोंडं पाहिली. टाचा आपटणारा मुलगा मला धिप्पाड वाटला होता. निघाला चांगलाच किडकिडीत. सूनबाईंच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. भिंगरी नाकाला रुमाल बांधून दारात उभी होती. आणि आजोबा खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडेच बघत होते.

मिस्त्रीनं मला तळहातानं दाबून पाहिलं. "सुका आहे. हा परत कारखान्यात जाईल." दाराजवळचा, पाणी सांडून कुजलेला तुकडा तेवढा त्यानं कचऱ्यासाठी वेगळा काढला. मग गुडघ्यांवर सरकत, पक्कडीनं माझ्या पिना उपटत तो सोफ्यामागच्या कोपऱ्यात पोचला आणि थांबला. खळग्यांवरून बोटं फिरवली. स्वतःचे गुडघे त्यात ठेवून पाहिले.

"वहिनी, इथे कोण गुडघ्यांवर बसतं?"

"तिथे? कुणीच नाही. सोफ्याच्या मागे कशाला कोण बसेल?"

"असं कसं? पंचवीस वर्षं मी गुडघ्यांवर चालतोय. पायाचा ठसा चुकेन, गुडघ्याचा नाही चुकणार. हे बघा, डावा जास्त खोल. इथे तळहात टेकलाय. आणि हे खुर्चीचे पाय. कुणीतरी रोज इथे खाली येतं आणि खुर्ची धरून उठतं. एकदोन दिवस नाही, वर्षानुवर्षं."

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग आजोबांकडे. "बाबा?"

आजोबांचे कान लाल झाले. चोरी पकडलेल्या पोरासारखे ते काठीशी चाळा करू लागले. "ते... उठायला शिकत होतो."

"पडत होता तुम्ही? रोज?" मुलाचा आवाज चढला.

"पडत नव्हतो. उठत होतो," आजोबा म्हणाले. "उठायला आधी पडावं लागतं, त्याला मी काय करू?"

मुलगा पुढे सरसावला. तेवढ्यात आजोबा काठी टेकत माझ्यावरून पलीकडे, दाराजवळच्या उघड्या सिमेंटवर गेले. खुर्ची भिंतीला टेकवली, काठी ठेवली आणि हळूहळू खाली गेले. सूनबाई किंचाळून धावल्या. मिस्त्रीनं हात आडवा केला.

"थांबा, वहिनी. त्यांचं काम आहे, त्यांना करू द्या."

कुशीवर. कोपरावर. गुडघ्यांवर आले तेव्हा कडक सिमेंट टोचलं असणार, कारण त्यांनी ओठ आवळले. खुर्ची धरली. उजवा पाय पुढे. आणि आजोबा उभे राहिले, घामानं निथळत, शर्टाला धूळ लागलेली. मी त्यांच्या खाली नव्हतो. माझ्यावाचून उठले ते. इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

"आजोबा, पुन्हा!" भिंगरी ओरडली.

सूनबाई हसल्याही आणि रडल्याही. "एवढं सगळं केलंत आणि मला एका शब्दानं नाही सांगितलंत?"

"तुझं ते पाण्याचं कोण सांगणार मग जेवताना?" आजोबा म्हणाले. "सोडू नकोस गं ती नोकरी. पडण्याची भीती मला नाही. तू घरी बसशील त्याची आहे."

मिस्त्रीनं उगाचच पक्कड पुसली. मग खाकरून म्हणाला, "काका, सिमेंटवर नका करू हो, गुडघे जातील." प्रत्येक घरातल्या जुन्या फोमचा एक तुकडा तो स्वतःच्या गुडघ्यांखाली घ्यायला कापून ठेवतो, हे मला तेव्हा कळलं. या वेळी त्यानं दोन कापले. दुसरा आजोबांसाठी. "वरून रेक्झिनची खोळ घाला, वहिनी. ओल्या फडक्यानं पुसता येईल, धुळीचं नावच नको."

तुकडा त्यानं कुठून कापला असेल? खळग्यांचा नाही. तो भाग दबून दबून निकामी झालेला. कापला मोठ्या कपाटाखालचा, जिथे बारा वर्षांत कुणाचं पाऊल पडलं नाही. जो माझा भाग जन्मभर लोळत पडला, त्याला आता नोकरी लागली! मला हेवा वाटला का? वाटला. मग वाटलं, तोही मीच की. तुकड्यातुकड्यांनी जगायची मला सवय आहे.

मी आता गुंडाळी होऊन निघालोय. कारखान्यात पुन्हा भुगा होईल, पुन्हा कुणाच्या तरी पायांखाली जाईन. तुमच्याकडे आलो तर कौतुक नका करू, ते कार्पेटचंच करा, त्याचा जीव त्यावर आहे. एकच मागणं आहे. जुनी जमीन उचलाल तेव्हा टाकण्याआधी तिच्यावर एकदा हात फिरवा. घरातलं कुणीतरी तुमच्यासाठी काय करत होतं, ते तिथे उमटलेलं असेल.

सोमवारी सकाळी मिस्त्री मला खांद्यावर टाकून जिना उतरत होता. पुढे सूनबाई उतरत होत्या. एकदा परत वर जाऊन काहीतरी घेऊन आल्या होत्या, म्हणजे सगळं ठीक होतं. पर्समधलं पत्र त्यांनी रविवारीच फाडलं होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला. धप्प.

मुद्दाम पडले की खरंच पडले, मला ठाऊक नाही. मिस्त्री मला टाकून वर धावणार, तोच सूनबाईंनी हात आडवा केला. दुसऱ्या हातानं त्यांनी कठडा धरून ठेवला. "थांबा," त्या म्हणाल्या. आम्ही तिघं जिन्यात उभे राहिलो. वर काहीच ऐकू येईना. मग काहीतरी घासत गेलं. मग खुर्ची करकरली.

"उठलो!" दारातून आजोबांचा आवाज आला. "जा गं आता, बस चुकेल!"

आणि सूनबाई गेल्या, भराभर, चवड्यांवर. कामाला निघालेली ती पावलं मी कुठेही ओळखीन.