इंद्रजितचा अंदाज

इंद्रजित मुनेश्वरला आपल्या अंदाजाचा भारी अभिमान होता. कापसानं भरलेली बैलगाडी लांबून पाहिली तरी तो वजन सांगायचा. जिनिंगवरच्या काट्यानं वेगळा आकडा दाखवला, तर काट्यातच खोट आहे असं बेधडक म्हणायचा. गावात कुणाच्या शेताचा धुरा सरकला, कुणाच्या विहिरीला किती हातांवर पाणी लागेल, लग्नात पंगती किती उठतील, सगळं त्याला विचारावं. त्याची बायको वच्छलाबाई म्हणायची, भाजीत मीठ किती पडलं तेवढं सोडून या माणसाला जगातलं सगळं कळतं.

ती वर्षं कापसाला बरी नव्हती. भाव पडलेले, पानं लाल होऊन गळायची, आणि यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं ते नको त्या कारणानं. दिग्रसच्या रस्त्यानं मोठमोठ्या शहरांतल्या पेपरवाल्यांच्या गाड्या धुरळा उडवत यायच्या आणि त्यातल्या माणसांना रडकं तोंड हवं असायचं. एका सकाळी अशीच एक गाडी गावाबाहेर करकचून थांबली. रस्त्यानं एक तरुण पोरगी जिवाच्या आकांतानं धावत होती आणि मागून सायकलवर तिचा बाप इंद्रजित ओरडत येत होता. कॅमेरावाला खाली उतरला आणि हळू आवाजात विचारू लागला, काय झालं, घरात कुणी गेलं का.

"कोणी गेलं नाई," इंद्रजित म्हणाला. "पोरगी पोलिसात जाऊन राह्यली. बाजूले व्हा, तिचा टाइम चालू हाये."

गाडीवाल्यांनी फोटो न काढताच गाडी वळवली. त्यांचं काही चुकलं असंही नाही. आनंदात असलेल्या माणसांचा फोटो त्या वर्षी कुणी मागितलाच नव्हता.

पोरीचं नाव मोनाली. बारावी चांगल्या गुणांनी झालेली, अंगानं काटक, डोक्यानं हट्टी. दिवाळीच्या सुमारास पोलीस भरतीची बातमी आली आणि तिनं भरतीचं मनावर घेतलं. नेमक्या त्याच दिवसांत इंद्रजितची थोरली बहीण सत्यभामा नेरहून एक सोयरीक घेऊन आली. मुलाचं नेरला मोबाईलचं दुकान, घर पक्कं, माणसं विहारात जाणारी, निर्व्यसनी. वच्छलाबाईला स्थळ फारच आवडलं. मोनालीनं नाक मुरडलं नाही, फक्त एक डाव भरतीला जाऊ द्या म्हणाली. त्यात नाही जमलं तर तुम्ही म्हणाल त्याच्या गळ्यात माळ घालते. बापानं हो म्हटलं, आईनं नाइलाजानं म्हटलं, आणि आत्यानं तोंड वाकडं करून म्हटलं. म्हणजे पोरीला मिळाली ती एकच संधी.

लेखीची तिला धास्ती नव्हती. पुस्तक हातात दिलं की ती पाठ करूनच खाली ठेवायची. सगळं अडत होतं ते मैदानात, आणि त्यातही तीन किलोमीटरच्या धावण्यात. ते ठरलेल्या वेळेत झालं तर पूर्ण गुण, नाही झालं तर घरी.

आता तीन किलोमीटर म्हणजे किती, हा प्रश्न आला. गावात मोजपट्टी कुणाकडं नव्हती. इंद्रजितचा जुना दोस्त नासिर मेकॅनिक, दिग्रसच्या स्टँडजवळ त्याचं गॅरेज, तो म्हणाला, माझ्या लुनाचा काटा बंद आहे, पण दुसऱ्या कुणाची गाडी आणून मोजू. इंद्रजितला ते ऐकूनच अपमान वाटला. माझ्या घरात दोरी असताना दुसऱ्याची गाडी कायले, असं म्हणून त्यानं आढ्यावरून टोबणीची दोरी काढली. सरकी टोबताना वावरात आडवी ताणतात ती ही दोरी. ठरावीक अंतरावर गाठी असतात आणि प्रत्येक गाठीशी बी पडतं. दोरी शंभर फुटांची, हे तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. बुद्धविहारापासून नाल्याच्या पुलापर्यंत आणि पुढं बाभळीपर्यंत दोन दिवस दोरी टाकत टाकत त्यानं रस्ता मोजला, बाभळीला चुन्याचा पट्टा ओढला आणि छाती फुगवून सांगितलं, इथवर येऊन परत विहारापर्यंत गेलं की तीन किलोमीटर, एक बोट कमी नाही की जास्त नाही.

दुसऱ्या दिवसापासून मोनाली धावू लागली. नासिर पहाटेच लुना घेऊन यायचा, हातात घड्याळ धरून विहाराच्या ओट्यावर बसायचा. इंद्रजित सायकलवर मागं. वच्छलाबाई मात्र दारातही येत नसे. लग्नाच्या वयाची पोरगी पॅन्ट घालून गावातून पळते आणि बाया भांडी घासायची सोडून बघत बसतात, हे तिला अजिबात पटत नव्हतं. तसं ती दिवसातून दोनदा बोलूनही दाखवायची.

पहिल्या दिवशी वेळ आली ती बघून नासिरनं घड्याळ कानाला लावून पाहिलं. घड्याळ चालू होतं. पोरगी वेळेच्या कितीतरी मागं होती.

मोनालीनं नुसतं तोंड पुसलं आणि उद्या बघू म्हणाली. दिवसभर आईबरोबर कापूस वेचायचा, संध्याकाळी पुस्तक, आणि सकाळी रस्ता. महिनाभरानं वेळ कमी झाली, पण पुरी पडेना. मग तिनं संध्याकाळीही धावायला सुरुवात केली. वावरातून घरी येताना बाकीच्या बाया गप्पा मारत यायच्या, ही ओटीतला कापूस ओतून सरळ धाव ठोकायची. पाय सुजले, नखं काळी पडली, एकदा घोटा मुरगळला तर पट्टी बांधून तिसऱ्या दिवशी पुन्हा बाभळीकडं. वेळ अजून थोडी उतरली. पण नासिर घड्याळ बघून मान हलवायचा ती आडवीच. तो कुठं कुठं चौकशी करून यायचा. दिग्रसच्या पोरींची वेळ विचारायचा आणि त्या हिच्याहून कितीतरी पुढं आहेत हे ऐकून गप्प बसायचा.

"भाऊ, पोरी में दम है," तो एकदा इंद्रजितला बाजूला घेऊन म्हणाला. "पर टाइम नाई बसून राह्यला. मले समजत नाई का होऊन राह्यलं."

इंद्रजितला समजलं होतं. पोरीच्यानं हे होणार नाही असा त्यानं अंदाज बांधला होता, आणि त्याचे अंदाज चुकत नसत. मैदानी परीक्षेला थोडेच दिवस उरले तेव्हा नेरला जरा काम आहे असं सांगून तो बहिणीकडं गेला आणि शब्द देऊन आला. मैदान आटोपलं की पाहुण्यांना घेऊन या, पोरगी तयार आहे. परतताना एसटीत त्याला एवढं वाईट वाटलं की शेजारच्या माणसानं दिलेला तंबाखूही त्यानं नको म्हटला. रात्री जेवताना त्यानं ते वच्छलाबाईला सांगितलं आणि पोरीला कळू द्यायचं नाही म्हणून तिच्याकडून शपथ घेतली. वच्छलाबाईला खरं तर आनंदच व्हायला पाहिजे होता. पण भाकरी तव्यावर जरा जास्तच वेळ राहिली.

मैदान यवतमाळला. पोरींच्या आईबापांना कुंपणाबाहेर उभं केलेलं. इंद्रजित आणि नासिर तारेला नाक लावून उभे होते. आत मोनाली छातीवर नंबर लावून रांगेत, शेजारी शहरातल्या पोरी, चांगल्या बुटांच्या, खात्यापित्या घरच्या. शिट्टी वाजली आणि घोळका सुटला.

पहिल्या फेरीला मोनाली मधोमध होती. दुसरीला पुढच्या चारपाच जणींत. त्यानंतर मात्र काहीतरी विचित्र होऊ लागलं. बाकीच्या पोरींच्या तोंडाला फेस यायला लागला आणि ही आपली गावच्या रस्त्यानं निघावी तशी निघाली होती. एकेक करून तिनं सगळ्यांना मागं टाकलं. नासिरनं घड्याळाकडं पाहिलं, मग इंद्रजितकडं पाहिलं, मग पुन्हा घड्याळाकडं. शेवटच्या रेषेवरून मोनाली सगळ्यांच्या किती तरी आधी गेली.

आणि गेली ती गेलीच. थांबेना. साहेब शिट्टी फुंकतायत, हवालदार हात हलवत मागं पळतायत, ही पुढची फेरी धरून चालली. कुंपणाबाहेर इंद्रजितचं धाबं दणाणलं. काही चूक झाली, पोरीला बाद केलं, अशीच त्याची खात्री झाली. शेवटी एका महिला पोलिसानं समोरून जाऊन तिला दोन्ही हातांनी अडवलं. मोनाली जागच्या जागी पाय हलवत म्हणत होती, मॅडम, माझं अजून बाकी आहे ना. बाकी काही नाही, झालं, पूर्ण गुण पडले, असं तिला तीनदा सांगावं लागलं. चौथ्यांदा ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली.

लेखी पुढं झाली आणि तीही निघाली, यादीत नावही वर लागलं. पण खरा निकाल लागला तो त्या दिवशी.

तेवढ्यावर थांबेल तो इंद्रजित कसला. तो फाटकावरच्या हवालदाराकडं गेला आणि गंभीरपणे म्हणाला, साहेब, तुमचं मैदान कमी भरतंय, हे तीन किलोमीटर नाही. हवालदारानं सांगितलं की मैदान टेपनं मोजलंय, दोनदा. इंद्रजित म्हणाला, मी दोरीनं मोजलंय. हवालदारानं विचारलं, कसली दोरी. आणि ती कसली हे सांगता सांगता इंद्रजित मधेच थांबला. मागच्या मोसमात गावातल्या देवीलालचं वावर लांबोडकं म्हणून त्याला दोरी उसनी दिली होती, तेव्हा इंद्रजितनं स्वतःच्याच हातानं दोरीला चांगला लांब तुकडा जोडला होता. सोडायचा राहून गेला, आणि मोजताना प्रत्येक दोरी त्यानं शंभर फूटच धरली. सारा हिवाळा पोरगी जवळजवळ चार किलोमीटर धावत होती, आणि तीन किलोमीटरच्या वेळेत बसत नाही म्हणून आणखी धावत होती.

नासिर हसून हसून खाली बसला. मोनाली बाहेर आली, तिला सांगितलं, तीही पोट धरून हसली. इंद्रजितला मात्र हसू येईना. एसटीत बसल्यावर त्यानं मान खाली घालून पोरीला सगळं सांगितलं, नेरचा शब्द आणि सगळं.

"मले माहीत व्हतं, बाबा," मोनाली खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "आईनं दुसऱ्याच दिवशी सांगतलं. म्हणे, तुह्या बापानं हातपाय गाळले, आता तू गाळू नको."

इंद्रजितला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. जी बाई तीन महिने दारात आली नाही, तिनं शपथ मोडली.

घरी पोचले तर विहारासमोर अर्धं गाव जमलेलं. नासिरनं वाटेतूनच फोन केला होता. कुणी गुलाल आणला, कुणी पेढे, आणि जो तो म्हणत होता, पोरीनं नशीब काढलं. वच्छलाबाई चुलीपुढं बसून पुरणाचं बघत होती. डोळे लाल होते, पण ते धुरानं झाले असं तिनं आधीच सांगून टाकलं. इंद्रजित पाटावर बसला आणि त्यानं विचारलंच, तुला तर ही सोयरीक हवी होती, मग पोरीला काहून सांगितलं.

"सोयरीक मले अजूनई पाहिजे," वच्छलाबाई म्हणाली. "पण हरलेली पोरगी कोणाच्या घरी धाडाची नव्हती. मी सातवीत नापास झालती. म्हणून माह्या बाबानं मले तुमच्याकडं देल्लं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे इंद्रजित पहिल्यांदाच ऐकत होता. आपण कुणाच्या तरी नापास होण्यामुळं नवरा झालो, हे त्याच्या अंदाजात कधी आलं नव्हतं.

"तुम्ही चांगले निघाले," ती पुरण घोटत म्हणाली. "ते माह्यं नशीब. बाहेर लोकं पोरीले नशीबवान म्हणून राह्यले, त्याईले सांगा जरा. तिनं जे आणलं ते पायानं आणलं. म्या रोज रात्री ती निजल्यावर पाह्यलेत तिचे पाय."

मोनाली दारात उभी राहून हे ऐकत होती. ती आत आली आणि आईच्या मागं बसून तिच्या पाठीला डोकं टेकलं. वच्छलाबाईनं दूर हो, पदराला घाम लागतो, असं म्हटलं आणि स्वतः मात्र जागची हलली नाही. मग इंद्रजितला एकदम आठवलं आणि त्यानं घाबऱ्या आवाजात विचारलं, आता ताईला कोण सांगणार, ती तर पाहुण्यांची तारीख धरून बसली असेल.

"ज्यानं शब्द देल्ला त्यानं," वच्छलाबाई म्हणाली. "थांबतो म्हणत असन पोरगा तर थांबू द्या. ट्रेनिंग झाल्यावर मोनालीले इचारन, आपल्याले नाई."

इंद्रजित उठला, अंगणात जाऊन नासिरचा मोबाईल मागितला आणि बहिणीला फोन लावला. तिकडून सत्यभामानं तोंडाचा पट्टा सोडला तो थांबेचना. इंद्रजित फोन कानाला लावून सगळं ऐकत उभा होता, गालाला गुलाल लागलेला, आणि अधूनमधून नुसतं हो ताई, चुकलंच माझं, असं म्हणत हसत होता.