एक वीत, सात तास

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून माझं पोट झालं आणि कारखान्यातल्या एका बाईने नकाशाच्या बारा पाकळ्या खळीने माझ्या अंगावर चिकटवल्या. एक पाकळी तिच्या हातून जराशी सरकली, म्हणून माझ्यावरचं एक बेट अजून दुभंगलेलं आहे.

एका शिंप्याने मला आपल्या चौथीतल्या लेकीसाठी घरी आणलं. कापड बेतायच्या टेबलाचा कोपरा माझा झाला. लेक मला गरगर फिरवायची, डोळे मिटून बोट टेकवायची आणि आईला सांगायची, मी इथे जाणार. बोट बहुतेक वेळा समुद्रातच पडायचं. आई म्हणायची, आधी पोहायला शीक. गिऱ्हाइकांची मुलं मला हात लावायला तळमळायची, तेव्हा मी भाव खाऊन घ्यायचो.

पुढे लेकीला खरोखरच लांबच्या देशात नोकरी लागली आणि आईच्या घशाखाली घास उतरेना. तेव्हा बाबांनी गळ्यातली टेप माझ्या पोटावर लावली, इथल्या विमानतळापासून तिथल्या विमानतळापर्यंत.

"हे बघ, जेमतेम एक वीत."

मग त्यांनी तिकीट वाचलं. सकाळी नऊला सुटणार, त्याच दिवशी चारला उतरणार. म्हणजे सातच तास. माझा एक कोट याहून जास्त वेळ खातो, ते म्हणाले. आई किती दिवसांनी हसली.

मित्रांनो, ते चार तिथल्या घड्याळाचे होते आणि ते घड्याळ जवळजवळ बारा तास मागे होतं. प्रवास एकोणीस तासांचा होता. लेकीला हे ठाऊक होतं. ती सांगणारच होती, पण आईचा उजळलेला चेहरा पाहिला आणि गप्प बसली.

पाच वर्षं त्या घरात ते सात तास सुखाने नांदले; लेक रजेवर यायची तेव्हाही कधी निघाले ते सांगायची नाही. लेक फार लांब गेली हो, असं कोणी म्हटलं की आईचं उत्तर तयार असे: छे, सकाळी निघाली की दुपारच्या चहाला दारात.

मग आईने अंथरूण धरलं. फोनवर बाबा साधा अशक्तपणा सांगत. कशाला पोरीची रजा वाया घालवा, वेळ पडली तर सात तासांत येईल, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस. बाबांनी फोन लावला. पलीकडून लेकीचा आवाज फुटला, "बाबा, मला एकोणीस तास लागतात."

बाबांनी फोन ठेवला, आईजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "निघाली. चारला येते."

चार वाजले तेव्हा आईने विचारलं, आली का. विमानाला जरा उशीर आहे, बाबा म्हणाले. ऊन उतरण्याआधी ती गेली, दाराकडे बघत.

दुसऱ्या दिवशी लेक आली. रिकाम्या खाटेशी बसून म्हणाली, "मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर तिने तुला जाऊच दिलं नसतं."

"मग मी इथे असते, बाबा."

बाबा उठले. त्यांनी मला उचलून कपाटावर ठेवलं, भिंतीकडे तोंड करून. तिथेच मी आहे. धूळ साचली आहे, तिची मला तक्रार नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आपलं माणूस दूर जात असेल तर किती दूर, ते नीट विचारून घ्या. आणि जाणाऱ्यांनो, खरं तेच सांगा. घरचे रडतील. रडू द्या. त्या रडण्याने कोणाला उशीर होत नाही.