अकरा जणांची फौज

पिक्चर चालला चार दिवस, आणि त्यातले दोन दुसरा पिक्चर वेळेवर आला नाही म्हणून. शिवणवाल्या काकू आणि त्यांचे यजमान, म्हणजे गल्लीचे नळवाले काका, रविवारी बघू म्हणत राहिले आणि रविवारच्या आत पोस्टरसुद्धा उतरलं. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. काकांना जाऊन दोन.

काका काही नट नव्हते. एका बंद कारखान्यात गळका पाइप दुरुस्त करायला गेले, तर तिथं शूटिंग चाललेलं. जग बुडालंय, उरलेली माणसं पाण्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठलीत, असा काहीतरी प्रकार. फौजेतला एक माणूस आलाच नव्हता. दिग्दर्शकाने काकांना टायरच्या ट्यूबचं चिलखत चढवलं, तोंडावर चाळणी बांधली आणि सांगितलं, "सगळे धावतील तिकडं धावा." संध्याकाळी ही बातमी द्यायला काका चिखलाच्या बुटांनिशी थेट स्वयंपाकघरात शिरले. काकूंनी बातमी नंतर ऐकली, आधी बुटांवरून झापलं.

बूट हा काकूंचा जन्माचा विषय होता. रोज सकाळी काकांनी हत्यारांची पिशवी उचलली की त्या दारातून म्हणायच्या, "लोकांच्या घरात शिरताना पाय पुसून जा." काका "हो" म्हणायचे आणि स्वतःच्या घरात खुशाल चिखल आणायचे. पालथ्या घड्यावर पाणी, काकू म्हणायच्या. शेवटच्या आजारापर्यंत म्हणत होत्या.

आता तोच पिक्चर पुन्हा लागला होता. हरवलेली प्रिंट कुठल्याशा गोदामात सापडली आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला, असं लेक म्हणाली. दुपारच्या खेळाची दोन तिकिटं तिने काढूनच आणली.

"तोंडावर चाळणी आहे गं," काकू म्हणाल्या. "मी ह्यांना ओळखलंच नाही तर?"

घरात काकांचे फोटो होते, पण फोटो काढताना काका खांबासारखे ताठ व्हायचे. चालतेफिरते काका कुठंच उरले नव्हते. होते ते या पिक्चरमध्ये, तेही चाळणीआड.

थिएटरात भर दुपारी चांगली शिकलीसवरलेली माणसं डोक्यावर चाळण्या घालून बसली होती. शेजारच्या पोक्त गृहस्थांनी तर ट्यूब गुंडाळली होती. ही घरी सांगून आलीत ना, असं काकूंच्या मनात आलं.

मग पिक्चर सुरू झाला. स्कूटरला पत्रे ठोकून रणगाडा केला होता. किल्ल्याची भिंत पुठ्ठ्याची, वाऱ्यानं हलत होती. लोक प्रत्येक वाक्य नटाच्या आधी म्हणत होते, हसत होते. काकूही हसल्या. पण नायिकेनं शेवटचं घोटभर पाणी शत्रूच्या मुलीला पाजलं, तेव्हा तीनशे माणसं एकदम गप्प झाली आणि काकूंच्या अंगावर काटा आला. उरलेल्या तुकड्यांतून झबली शिवण्यात त्यांची हयात गेली होती. टाके उघडे दिसत होते, तरी हे जग अंगाला बरोब्बर बसलं होतं. एवढ्याशा सामानात केलं कसं या लोकांनी, याचं त्यांना नवल वाटत राहिलं.

फौज आली. माणसं अकराच. तीच भिंतीमागून वळसा घालून पुन्हा पुढे यायची, आणि प्रेक्षक मोठ्यानं मोजायचे. आकडा शंभरावर गेला. काकूंनी एकेक चाळणी निरखून पाहिली. सगळ्या सारख्याच.

किल्ल्याचं दार फुटलं. दहा जण आरडाओरडा करत आत घुसले. अकरावा उंबऱ्याशी थांबला. कारखान्याचं जुनं पायपुसणं तिथंच राहून गेलं होतं. त्यानं उजवा पाय पुसला, डावा पुसला, उजवा पुन्हा पुसला, मग भाला उगारून गर्जना केली आणि आत गेला.

त्याच क्षणी सगळ्या थिएटरानं जमिनीवर पाय घासले. उजवा, डावा, उजवा.

काकूंनी लेकीचं मनगट धरलं. "हे बघ. हे."

खेळ संपल्यावर दिग्दर्शक काठी टेकत पुढे आला. एका मुलीनं विचारलं, "तो सैनिक पाय का पुसतो? माणुसकीची शेवटची खूण म्हणून ना?"

"असं म्हणायला मला आवडलं असतं," तो म्हणाला. "पण तो आमचा नळवाला होता. पुन्हा घ्यायला रीळ नव्हतं, म्हणून राहिलं ते. मी त्याला विचारलं, हे काय केलंस? तर म्हणाला, साहेब, घरून ताकीद आहे."

थिएटर हसलं. काकू उभ्या राहिल्या.

"ती माझी ताकीद," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, त्यांना ऐकूच जात नाही." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "तेवढंच पुन्हा दाखवाल का? त्यांना चालताना बघायचंय."

दिग्दर्शकाने मशीनच्या खोलीकडे हात केला. दिवे मालवले. दार फुटलं, दहा जण घुसले, अकरावा थांबला. या वेळी कुणीच पाय घासले नाहीत. तीनशे माणसांच्या शांततेत दोनच चपला वाजल्या. उजवी, डावी, उजवी.