फाटकापाशी सहा मिनिटं

दोन हजार चार साली बदली होऊन लखनौला आलो आणि आल्या दिवसापासून मला या गावाचा राग आहे. इथे कुणाला कसली घाईच नसते. भाजीवाला अर्धा किलो भेंडी देईपर्यंत घरच्या सगळ्यांची खुशाली विचारतो. बँकेतला माणूस आपलं पासबुक हातात धरून आधी चहा संपवतो. मी साताऱ्याचा, आणि त्यातून रेल्वेच्या सिग्नल खात्यातला. समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर असतानाच मी ते पुरं करून टाकायचो. माझी बायको विभा म्हणायची, "तुम्हाला चितेवरसुद्धा लाकडं ओली निघाली तर राग येईल."

या घाईपायी माझ्या मुलाचा पाय अधू झाला. आणि मी सगळ्यांना सांगितलं की घाई त्याने केली.

दोन हजार तेराच्या पाडव्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. श्रीखंडासाठी विभाला चक्का लागतो तो शहराबाहेर बख्शी का तालाब म्हणून कसबा आहे त्याच्या पलीकडे एका गावात मिळणाराच. आमच्या महानगर कॉलनीतल्या दुकानांचं दही तिला पाणचट वाटतं. तो आणायला मी आणि समीर स्कूटरवर गेलो होतो. समीर तेव्हा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या बॅडमिंटनच्या टीममध्ये. स्कूटर तो चालवत होता. मी मागे, मांडीवर चक्क्याचा डबा. येताना वाटेत रेल्वेच्या छोट्या लाइनचं, म्हणजे मीटरगेजचं, फाटक पडलं. ऊन मी म्हणत होतं.

कुठलं फाटक गाडीच्या किती आधी पडतं, हे मला तोंडपाठ. इथे गाडी यायला अजून सहा मिनिटं होती. सहा मिनिटांत स्कूटर काय, हत्ती पलीकडे गेला असता.

"खालून काढ," मी म्हणालो.

"बाबा, रुकते हैं न," समीर म्हणाला. घरी आम्ही मराठी बोलायचो आणि तो हिंदीत उत्तर द्यायचा, हे नेहमीचंच.

"चक्का आंबट होईल. काढ म्हणतो ना. सिग्नल खात्यात मी आहे की तू?"

मी उतरलो आणि वाकून पलीकडे गेलो. त्याने स्कूटर तिरकी करून दांड्याखालून काढली. गेटमन ओरडला, त्याला मी हातानेच गप्प केलं. समीर पुन्हा स्कूटरवर बसला. रुळाच्या आतल्या कडेला चाकासाठी खाच असते, तिच्यात स्कूटरचं पुढचं चाक अडकलं आणि स्कूटर त्याच्या डाव्या पायावर आडवी झाली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. चार माणसांनी त्याला आणि स्कूटरला बाहेर ओढलं. गाडी बरोबर सहाव्या मिनिटाला आली. माझं गणित चुकलं नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, "पोरगं ऐकतंय कुठे? थांब म्हणत होतो." ते कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक. माझं प्रमोशन तोंडावर होतं. सिग्नलच्या अधिकाऱ्यानेच बंद फाटकातून मुलाला घातलं, हे खात्यात कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. पण ते नंतरचं. तेव्हा विभा शेजारी उभी होती आणि तिच्या डोळ्यांना डोळा देणं मला जमलं नाही. समीर स्ट्रेचरवर होता, शुद्धीत होता. त्याने ऐकलं आणि मान भिंतीकडे वळवली.

तीन ऑपरेशनं झाली. पायात सळई बसली. पाय इंचभर आखूड राहिला. बॅडमिंटन संपलं, एक वर्ष वाया गेलं. भेटायला येणारा प्रत्येकजण त्याच्या उशाशी बसून त्यालाच बोल लावायचा. आजकालची पोरं, मोठ्यांचं ऐकत नाहीत. विभाही औषध देताना म्हणायची, "बाबा सांगत होते तर थांबायला काय झालं होतं रे? कसली मेली घाई?" तेव्हा समीर माझ्याकडे बघायचा. फक्त बघायचा. मी पेपर उलगडायचो.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. सकाळी कॉलनीच्या पार्कात मी त्याला घेऊन जायचो. पार्काच्या एका फेरीला मला चार मिनिटं लागतात, त्याला पंचवीस लागायची. पहिल्या आठवड्यात मी पुढे जाऊन परत मागे यायचो. मग लाज वाटली आणि त्याच्या शेजारी चालू लागलो. तो मुद्दाम आणखी हळू चालायचा. मला कळायचं, आणि मला कळतंय हे त्यालाही कळायचं. जोड्याची नाडी पाच पाच मिनिटं बांधायचा. मी दात आवळून उभा राहायचो. त्या पोराचा मला संताप यायचा, आणि ज्याच्यावर संतापायचा मला हक्क नव्हता त्याच्यावर संतापतो म्हणून स्वतःचाही यायचा.

असं वर्ष गेलं. रोज पंचवीस मिनिटं मुकाट चालल्यावर बँकेतल्या चहा पिणाऱ्या माणसावर काय ओरडणार? ऑफिसात माझं कौतुक व्हायला लागलं. "साहब में बहुत सब्र आ गया है," म्हणत लोक मला मिठाई खायला घालत. प्रमोशनही झालं. विभा सगळ्यांना सांगायची, मुलाच्या आजारपणाने यांना देवमाणूस केलं. एकदा ती हे समीरसमोर म्हणाली. तो ताटावरून उठला. "अन्नावरून उठू नये एवढंही कळत नाही," विभा माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही एवढं करता आणि याचा तोरा बघा." मी म्हणालो, "जाऊ दे, धीर धर."

हे मी म्हणालो. मी.

पुढचा पाडवा आला. विभा म्हणाली, गेल्या वर्षी श्रीखंड झालं नाही, यंदा करायचंच. तिघं मोटारीने गेलो. समीर माझ्या शेजारी बसला, विभा मागे डबा सांभाळत. येताना तेच फाटक पडलं. मी मोटार थांबवून इंजिन बंद केलं.

एक मोटारसायकलवाला बायकोला उतरवून दांड्याखालून गाडी काढू लागला. विभा मागून म्हणाली, "बघ समीर, तुझेच भाऊबंद. अक्कल म्हणून नाही."

समीर सरळ समोर बघत होता. बऱ्याच महिन्यांनी तो आपण होऊन माझ्याशी बोलला.

"कितने मिनट हैं?"

"सहा," मी म्हणालो.

"तो बता दो. छह मिनट बहुत हैं।"

"काय सांगायचंय?" विभाने विचारलं.

मी स्टिअरिंग धरून बसलो. समीर घड्याळाकडे बघत नव्हता, माझ्याकडेही बघत नव्हता. त्याने घाई केली नाही. मोटारसायकलवाला पलीकडे पोचला, बायको बसली, निघून गेले. मग मी म्हणालो, "विभा, त्या दिवशी तो थांबायला तयार होता. खालून काढ असं मी सांगितलं. दोनदा सांगितलं."

गाडी येऊन गेली. फाटक वर झालं. मागे हॉर्न सुरू झाले. विभा मागून पुढे वाकली. तिने समीरला विचारलं, "आणि तू वर्षभर गप्प का बसलास?"

"इंतज़ार कर रहा था," तो म्हणाला. "इन्हीं को बोलना था।"

वर्षभर मला वाटत होतं की धीर धरायला मी शिकतोय. लोक त्याबद्दल मिठाई देत होते आणि मी ती खात होतो. धीर धरून बसला होता तो, आखूड पाय घेऊन, आईची बोलणी खात.

हॉर्न वाढले. माझा हात सवयीने किल्लीकडे गेला.

"थांबा," विभा म्हणाली. तिचा हा आवाज मी लग्नाच्या तेवीस वर्षांत ऐकला नव्हता. "मला सगळं ऐकायचंय. कडेला घ्या."

"घरी जाऊन बोलू," मी म्हणालो. "चक्का आंबट होईल."

बोलून गेलो आणि माझं मलाच ऐकू आलं. समीर हसला. ते हसणं चांगलं नव्हतं. विभाने मांडीवरचा डबा उचलून खाली पायाशी ठेवला.

"होऊ दे," ती म्हणाली.

मी मोटार कडेला घेतली, काच वर केली आणि त्या दिवशी गावातून डबा घेऊन निघालो तिथपासून सांगायला लागलो.