डोहावरच्या भोपळ्याचे उत्तर

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. मला एकदा एक पत्र आले होते आणि त्याचे उत्तर माझ्याकडून दोन वर्षे गेले नाही. पत्र माझ्या मालकिणीच्या नावाने आले होते, हे खरे. पण त्यात जे मागितले होते, ते माझ्या पोटात होते. म्हणून ते पत्र मी माझेच समजत आलो. माझे हे समजणे चुकीचेही असेल. भोपळ्याच्या समजुतीला कोण विचारतो? गणिताच्या पेपरात काहीच मिळाले नाही, की तुम्ही माझेच नाव घेता. तरीही सांगतो. कंटाळा आला, तर खुशाल पान उलटा.

बोईसरच्या पूर्वेला कारखान्यांची धुराडी मागे पडली, की डोंगर सुरू होतात. तिथल्या एका पाड्यावर चिंधूचे घर होते. एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात त्याच्या छपरावर माझा वेल चढला. आमची जात कडू, म्हणून आम्हांला कुणी भाजीत घातले नाही. माझा एक भाऊ लांब मानेचा निघाला. त्याचा तारपा झाला आणि सगळा पाडा त्याच्या सुरावर नाचू लागला. माझी मान आखूड आणि पोट गरगरीत. मी वेलावरच वाळलो. हलवले, की आतल्या बिया खळखळत. एवढाच काय तो माझा सूर.

चिंधूची बायको पारू म्हणाली, "याला कापून दे. दाने ठेवायला होईल."

"नको," चिंधू म्हणाला. "भोक पाडला, का संपला. असाच राहू दे. हा पान्यावर चालेल."

त्याने केवणीच्या झाडाच्या सालीची दोरी वळली आणि माझ्याभोवती जाळी विणली. जाळीला दोन लांब बंद ठेवले. पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीवर मला ठेवायचे आणि ते बंद त्याच्या छातीवर बांधायचे. मग तो माणूस बुडत नाही. पाड्यावर इतरांकडे भोपळे होते, पण ते बारीक मानेचे, ताडी ठेवायचे. असा जाड सालीचा, माणसाला पेलणारा भोपळा चिंधूच्याच वेलाला येई.

पाड्याच्या वर, सागाच्या रानातून चढत गेले, की ओढ्याने खडकात कोरलेले डोह आहेत. वरचा डोह पोरांच्या गुडघ्याएवढा. खालचा हिरवा आणि खोल. पाऊस संपून पाणी निवळले, की सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या वसाहतीतली कुटुंबे तिथे येत. फाट्यावर बसमधून उतरत आणि पायवाटेने चालत पाड्यापर्यंत येत. तिथून चिंधू पुढे, त्याच्या खांद्यावर मी, आणि मागे भाकऱ्यांची गाठोडी, पोरे, पाण्याच्या बाटल्या. वाळलेल्या पानांचा आवाज होई. पोरे विचारत, "अजून किती लांब?" चिंधू म्हणे, "ह्ये काय, आलाच." तो हे प्रत्येक वळणावर म्हणे.

त्याचा नियम एकच होता. "आदी दोरी, मंग पानी." मला बांधल्याशिवाय खालच्या डोहात कुणी उतरायचे नाही.

या मंडळींत खंडेराव नावाचे एक कामगार होते. ते माण तालुक्यातले. त्यांची बायको रत्नाबाई आणि मुलगी उषा दर वर्षी येत. रत्नाबाई पाण्यात कधी पाय घालत नसत. सगळ्यांचे कपडे मांडीवर घेऊन त्या काठावर बसत.

"बाय, तू कवा उतरशील?" पारू विचारी.

"आमच्याकडं प्यायला पानी न्हाई, पवायला कुठनं आनू? तुमचं तुमी डुंबा. मी हितं बरी हाय."

एके वर्षी ती गोष्ट घडली. चिंधू लाकडे आणायला वर गेला होता. मला एका खडकावर ठेवले होते. उषा वरच्या डोहातून खाली येत होती. शेवाळावरून तिचा पाय सरकला आणि ती खालच्या डोहात पडली.

मित्रांनो, मी तिथेच होतो. अगदी जवळ होतो. तिचा हात वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. मी तिच्याजवळ घरंगळत गेलो असतो, तरी तिने मला धरले असते. पण खडक सपाट होता. वारा नव्हता. मला हात नाहीत, पाय नाहीत. ज्या एका कामासाठी मला केले, त्याची वेळ माझ्यासमोर आली होती आणि मी कोरडा बसलो होतो.

रत्नाबाई उठल्या होत्या. कपडे छातीशी घट्ट धरून त्या ओरडत होत्या. त्यांना पाण्यात जाता येईना, काठावर थांबवेना. खंडेरावही ओरडतच होते. शेवटी पारू कुठून तरी धावत आली, तिने उडी टाकली आणि उषाला केसांना धरून बाहेर ओढले. पोरगी खोकली, रडली. तेव्हा रत्नाबाईंच्या हातांतले कपडे खाली पडले.

पुढच्या खेपेला त्या आल्या, त्या थेट माझ्यापाशी.

"पारू, हे माझ्या पाठीला बांध. माझी पोर बुडत हुती आन् मी कापडं धरून उभी. पुन्यांदा असं नको."

"अगं, नऊवारी नेसून?" खंडेराव म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोक काठावर हायती. म्हनू द्या."

पारूने बंद आवळले. रत्नाबाईंनी डोळे मिटून पाय टाकला आणि त्यांचे सगळे ओझे माझ्यावर आले. लुगडे फुगून वर आले. त्या जागच्या जागी गोल फिरू लागल्या.

"बाय, पाय मार! तोंडाने काय फू फू करतेस? चूल हाय का ती?"

"भोपळा कोणता आणि बायको कोणती, हेच कळेना," खंडेराव काठावरून म्हणाले.

"घरी चला, मग कळंल!" रत्नाबाई पाण्यातून ओरडल्या आणि हसताना त्यांच्या नाकातोंडात पाणी गेले.

त्या हिवाळ्यात त्या पोहायला शिकल्या. शेवटी शेवटी बंद सैल असत आणि मी नुसता सोबतीला असे. माझ्या आयुष्यात कौतुकाचे दिवस आले असतील, तर ते हेच.

नंतर खंडेरावांचा कारखाना बंद पडला आणि ते गावी परत गेले. पाठोपाठ चिंधू तापाने गेला. त्या वर्षी पारूने छपरावर वेल लावला नाही. चुलीवर टांगलेले बियाणे उंदरांनी नेले. मी मात्र आढ्याला तसाच होतो. पाड्यावरची पोरे पोहायला मला मागून नेत आणि पुन्हा आणून टांगत.

आणि नव्वद साली ते पत्र आले. पोस्टमन मारुती यांनी ते उंबऱ्यात बसून वाचून दाखवले. अक्षर उषाचे, बोलणे रत्नाबाईंचे.

"पारू, आमच्या गावाला तलाव झाला आहे. पोरी धुणे धुवायला जातात. मागल्या महिन्यात शेजारची एक पोर त्यात गेली. काठावर बायका होत्या. पोहता कुणालाच येत नव्हते आणि मी त्या दिवशी शेतात होते. त्या भोपळ्याचे बी धाड. मी वेल लावते आणि पोरींना शिकवते."

पारू उठली. मग तिने मला खाली काढले आणि कानाशी धरून हलवले. मी खळखळलो. जेवढा जोर होता तेवढा खळखळलो. आहेत, बिया इथे आहेत, असे मला म्हणायचे होते. ते तिला ठाऊकच होते. पण बी काढायचे, तर मला फोडावे लागणार. चिंधूने भोक पाडू दिले नव्हते. त्याने विणलेली जाळी माझ्या अंगावर होती. शिवाय मी फुटलो, की पाड्यावरच्या पोरांनी पाठीला काय बांधायचे? तिने जाळीवरून हात फिरवला आणि मला परत टांगले.

"उत्तर काय लिहू?" मारुतींनी विचारले.

"मंग लिवू."

त्यानंतर ते पाड्यावर आले, की विचारत, "पारूबाई, त्या पत्राचं काय?" आणि ती म्हणे, "धाडीन." पत्र कुडाच्या फटीत, माझ्यासमोरच खोचलेले होते. मला वाटे, तिने मला फोडावे. मग वाटे, फोडले आणि बिया मेलेल्या निघाल्या तर? वाजणे म्हणजे जिवंत असणे नव्हे. मी इतकी वर्षे धुरात लटकलेला. कदाचित मी नुसताच आवाज असेन. पावसाळे येत. दूरच्या त्या तलावात पाणी भरत असेल, पोरी काठावर येत असतील. मी आढ्याला टांगलेला होतो.

ब्याण्णवच्या उन्हाळ्याआधी शहरातून काही तरुण डोहावर आले. पाड्यावरच्या पोरांनी मला काठावर ठेवले होते. त्या तरुणांनी माझा चेंडू केला. लाथेने मी खडकावर आदळलो आणि मानेपाशी तडकलो, मग पाण्यात पडलो. मी तरंगलो, पण पाणी आत शिरताना मला कळत होते. ते तरुण हसत होते. ते वाईट नव्हते. आपण काय खेळतो आहोत, हे त्यांना माहीत नव्हते, इतकेच.

मित्रांनो, कुठल्याही डोहाच्या काठावर एखादी साधी वस्तू पडलेली दिसली, तर तिला लाथ मारण्याआधी थोडे थांबा. ती कुणाची तरी पाठराखण असेल. आणि पाण्यात उतरण्याआधी चिंधूचे शब्द आठवा. माझी एवढीच विनंती आहे.

पोरांनी मला रडत घरी आणले. पारूने मला हलवले. खळखळ झाली नाही. आत नुसते ओले काही तरी सरकले. बिया आता कुजणार होत्या.

तिने जाळीची एकेक गाठ सोडवली, एकही दोरी कापली नाही. ती जाळी तिने मेढीला अडकवली. मग कोयता घेतला. म्हणाली, "रागवू नको हां." हे ती मला म्हणाली की चिंधूला, कोण जाणे.

माझ्या खालच्या अर्ध्या भागात तिने पाणी ओतले आणि बिया त्यात टाकल्या. बी तरंगले तर पोकळ, बुडाले तर खरे. ही परीक्षा तुमच्या घरचे शेतकरीही करत असतील. माझे सारे आयुष्य तरंगण्यात गेले. मी बुडलो असतो, तर माणूस बुडाला असता. आणि त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच म्हणत होतो, बुडा, कुणी तरी बुडा.

सगळ्या बिया वर तरंगत राहिल्या.

पारू भाकऱ्या थापायला बसली. पाण्याकडे बघेना. चूल विझत आली, तेव्हा ती दिवा घेऊन वाकली. बऱ्याच बिया वरच होत्या. पण काही तळाशी गेल्या होत्या. अगदी माझ्या तळाशी, काळसर, शांत. तिने एकेक वेचून फडक्यावर घेतली.

त्या सावलीत वाळवल्या, राखेत घोळल्या. निम्म्या स्वतःच्या छपरासाठी ठेवल्या आणि निम्म्या चिंधीत बांधल्या. मारुतींनी पाकिटावर पत्ता लिहिला. "आत चार ओळी लिहू का?" त्यांनी विचारले.

"नको. तिला कलेल. आदी दोरी, मंग पानी, येवढाच लिवा."

"द्या, मी नेतो."

"नको, दादा. मीच टाकीन."

माझा खालचा अर्धा भाग आता तिचे माप आहे. बाजाराच्या दिवशी ती त्याने करवंदे मापून विकते. म्हणून मी त्या दिवशी तिच्या टोपलीत होतो. बोईसरच्या बाजारात टोपली उतरवण्याआधी ती पोस्टाच्या लाल पेटीपाशी थांबली. पाकीट कानाशी धरून तिने एकदा हलवले आणि आत सोडले.

पेटीच्या तळातून बारीक खळखळ ऐकू आली.