वाकडी टीप

परदेशातल्या एका संस्थेकडून शाळेला फुकटचे गणवेश आले आणि आमचं दुकान बसलं. गणवेश चांगले होते, खोटं कशाला बोलू? पोरं खूश, मास्तर खूश. शाळेच्या गणवेशांवर वर्षभर जगणारे माझे सासरे आणि लहानपणापासून त्यांच्या हाताखाली शिवणारी माझी बायको, एवढे दोघं सोडून सगळेच खूश. दुसऱ्या वर्षीही गठ्ठे आले, तेव्हा आधी दुकान गेलं, मग मशीन.

मग त्याच संस्थेला आमच्या वस्तीतल्या बायकांचा कळवळा आला. तीन महिने शिवणवर्ग, शेवटी प्रत्येकीला मशीन. अट एकच, बाई नवशिकी हवी. पहिल्या दिवशी चिंधीवर टीप मारून दाखवायची. जिची सरळ येईल तिला घरी पाठवणार.

"मला नाही जमायचं वाकडं," बायको म्हणाली.

"अगं, सगळ्या जगाला जमतं," मी म्हणालो.

सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते. "घाल वाकडी," ते म्हणाले. "मशीन घरात येऊ दे."

लहानपणी टीप जरा हलली तरी याच माणसाने तिला ती पुन्हा पुन्हा उसवायला लावली होती.

तिने घातली वाकडी. घरी आली आणि भांडी घासायला बसली. पुढे तीन महिने तिने सुईत दोरा ओवायला शिकण्याचं सोंग केलं. मला हसू यायचं, आणि हसलो की माझाच मला राग यायचा.

समारंभाला संस्थेचे पाहुणे आले. घरच्यांना पहिल्या रांगेत बसवलं. वर्गाच्या मॅडमनी बायकोला स्टेजवर बोलावून तिची पहिल्या दिवसाची चिंधी आणि कालचं पोलकं, दोन्ही उंच धरलं. "बघा, काय होती आणि काय झाली!"

पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं, "इतकं सुंदर शिवायला कोणी शिकवलं तुला?"

फीत बांधलेलं मशीन तिच्या शेजारीच होतं. तिने खाली आमच्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी डोळ्यांनीच मॅडमकडे खूण केली.

"मॅडमनी," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. मागच्या बाई वाकून सासऱ्यांना म्हणाल्या, "बाबा, नशीबवान आहात हो, पोरीच्या हाताला काहीतरी कला आली." सासरे टाळ्या वाजवतच होते. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या थांबेनात. शेवटी मी त्यांचे हात धरले.