पलंगाखालच्या विटा

पलंगाच्या उजव्या पायाखालची पाचवी, शेवटची वीट शामलाने ओढून काढली, तेव्हा पायथा खाली आला आणि पलंगावर निजलेल्या ताराचंदच्या घशातून एक ओला, आकारहीन आवाज निघाला.

“काकू, तुमी काकाले धरा,” पलंगाची कड तोलून धरलेला अमोल म्हणाला. मग समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या बायकोवर खेकसला, “नीट पकड वं! जेवली नाहीस काय?”

“जेवू द्याल तं जेवीन,” कामिनी म्हणाली. “सकाळपासून विटाच उचलून राहिली मी.”

चार पायांखालच्या वीस, कपाटाखालच्या बारा, फ्रिजखालच्या आठ. साऱ्या विटा शेजारी, अमोलच्या गच्चीवर गेल्या. न्हाणीच्या भोकावर दाबून ठेवलेले रेतीचे पोतेही गेले. ही आता गल्लीची रीतच झाली होती. कुणाचेही घर बघायला गिऱ्हाईक येणार असले की सगळी गल्ली त्या घरच्या विटा काढायला येई, आणि कुणी विचारलेच तर प्रत्येकाने एकच सांगायचे: पाणी? नाही बाप्पा.

तीन वर्षांपूर्वी समोर सिमेंटचा रस्ता झाला. रस्ता दीड फूट वर आला आणि घरे जागच्या जागी बुडाली. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नालीचे तोंड त्या सिमेंटखाली कुठे गाडले गेले, हे टेप घेऊन आलेल्या एकाही साहेबाला सापडले नाही. तेव्हापासून पाऊस आला की सांडपाण्याची गडरलाइन उलटी वाहू लागली. घराघरांतून गेलेले सारे न्हाणीच्या भोकातून परत येऊ लागले. चौकापलीकडच्या घरांना येणारा भाव या गल्लीत निम्म्यावर आला, आणि तोही आभाळ पाहून ठरू लागला.

गेल्या वर्षी पलंगाखाली तीनच विटा होत्या. पाणी गादीतून वर आले आणि अर्धांगाने लुळ्या पडलेल्या ताराचंदच्या कानाला लागले. जिना अरुंद, त्याला उचलून वळवता येईना. दोन तास शामलाने त्याचे डोके आपल्या तळहातांवर धरून ठेवले. तो तिच्याकडे पाहत होता. डोळे मिटत नव्हता. त्या नजरेतून ती अजून बाहेर आली नव्हती. लिफ्ट असलेल्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तिने बोलून ठेवला होता. हे घर विकले गेले तरच तो मिळणार होता. ऑगस्ट निम्मा सरला होता. दोन गिऱ्हाइके येऊन गेली होती. हे तिसरे.

चारच्या सुमाराला ती माणसे आली. प्रशिक कुठल्याशा शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याची बायको दीक्षा दवाखान्यात परिचारिका होती. मागून काठी टेकत प्रशिकचे वडील दादाजी आले. चौकापासून चालत आल्याने ते दारातच थांबले आणि छातीवर हात ठेवून श्वासाची वाट पाहत राहिले.

“बाबांसाठीच खालची खोली पाहिजे होती,” दीक्षा म्हणाली. “आता भाड्यानं राहतो तिथं दुसरा मजला आहे. आठ-आठ दिवस खाली येत नाहीत ते.”

तिने खोलीभर नजर फिरवली आणि ताराचंदच्या पलंगाशी येऊन थांबली.

“यांचा पलंग इथंच लावू. खिडकीतून हवा येईल. नाही का, बाबा?”

शामलाने ताराचंदच्या पायावरची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

“काकू, पावसाचं पाणी वगैरे?” प्रशिकने विचारले.

“नाही,” शामला म्हणाली.

“नाही बाप्पा,” दारातून अमोल म्हणाला. “ते तिकडं, नाल्यापल्याड.”

दादाजी भिंतीपाशी गेले होते. त्यांचे बोट विजेच्या बोर्डावर होते, आणि तो बोर्ड त्यांच्या खांद्याच्याही वर होता. त्यांनी दुसरी भिंत पाहिली. तिथेही तसाच. फ्रिजची वायर भिंतीवरून वेलीसारखी वर चढली होती.

“हे बटनं एवढे वरतं काहून लावले?”

शामलाने पहिल्यांदाच त्या बोर्डाकडे पाहिले. गेल्या वर्षी गल्लीतल्या प्रत्येकाने बोर्ड वर चढवून घेतले होते, आणि ती उंची डोळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ते बोर्ड कुणालाच दिसले नव्हते.

“पोरं हात लावतात ना,” अमोल हसून म्हणाला.

या घरात पोरे नव्हती. दादाजींनी मान डोलावली. ते पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले.

“चला, गच्ची दाखवतो,” अमोल घाईने म्हणाला, आणि प्रशिक-दीक्षा त्याच्यामागून जिना चढून गेली. कामिनी चहा ठेवायला आत वळली.

तेव्हाच न्हाणीतून आवाज आला. खोल कुठेतरी कुणी चूळ भरावी तसा. बाहेर स्वच्छ ऊन होते. पण शहराच्या वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस सुरू झाला असावा. ताराचंदच्या डाव्या, चालत्या हाताने पलंगाची कड धरली. बोटे पांढरी पडली.

दादाजी त्या हाताकडे पाहत राहिले.

“उमरेडच्या खाणीत पंपावर होतो मी, बाई. तेवीस वर्षं,” ते हळू म्हणाले. “पाणी यायच्या आंधी असंच बोलते.”

शामला उभीच राहिली. आता हे मुलाला हाक मारतील. फ्लॅट गेला. उरलेला पावसाळा गेला. तिने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले आणि त्या हाकेची वाट पाहिली.

वरून दीक्षाचे हसणे ऐकू आले. “अहो, इथं तर गुलाबही लावता येतील!”

दादाजींनी डोळे छताकडे नेले आणि परत आणले.

“सहा वर्षं झाली, पोरगं घर पाहून राहिलं,” ते म्हणाले. “याच्या वरच्या भावाले त्याची पोच नाही. वीस घरं पाहिली असतील. आज पहिल्यांदा हसली पोरगी.”

न्हाणीतला आवाज पुन्हा आला, आधीपेक्षा जवळून. त्यांनी काठी पलंगाच्या पायाला टेकवून उभी धरली.

“मी आजारी माणूस. जागाच राहतो,” ते म्हणाले. “पोरायले सांगू नका. मले फक्त सांगा, याच्याखाली विटा किती लागतात?”

शामलाचा हात वर गेला. चार बोटे उघडली. अंगठा तळव्यात मुडपलेला राहिला.

पलंगावरून ताराचंद तिच्याकडे पाहत होता. डोळे मिटत नव्हता.

तिने अंगठा उघडला.

दादाजींनी काठीवर जमिनीपासून वर पाच विटांची उंची बोटांनी मोजत नेली, थांबले, आणि जिथे थांबले तिथे नखाने एक खूण केली.